दोन खटके

निजव्याच्या सनैय्यात जानेवारी.
शटर वर ढकलताना पत्रा बोटांना चावतो.
हमूद बिन नासिर फजरपासून दारात,
हायलक्सच्या बॉनेटवर तळवे शेकत.
म्हणतो, लॉकर बसव. मागे, पुढे, दोन्हीकडे.
वर बर्फ धरतंय.

डोंगराचं नाव जबल शम्स. शम्स म्हणजे सूर्य.
नाव ठेवणारा उन्हाळ्यात आला असणार.

मी हौसिंग उघडतो. तेल काळं, दात शाबूत.
क्राऊन, पिनियन, आणि मधे ती लहान चाकं,
ज्यांना चिपळूण डेपोतले आमचे वस्ताद
‘घरातली समजूतदार माणसं’ म्हणायचे.
वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला,
आतल्याला जवळचा;
ती दोघांचं ऐकून घेतात,
कुणाचीच फरफट होऊ देत नाहीत.

कोरड्या डांबरावर याहून शहाणं यंत्र नाही.
पण एक चाक बर्फावर आलं
की हाच समजूतदारपणा घात करतो.
निसटणाऱ्याला फिरू देतो गरागरा,
आणि खडीवर पाय रोवून जे उभं आहे
त्यालाही बळ तेवढंच, जेवढं निसटणाऱ्याला पेलतं.
म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

हे सगळं माझ्या मोडक्या अरबीत.
हमूद म्हणाला, मग लॉकरच ना?

लॉकर म्हणजे हुकूम.
दोन्ही चाकं एकाच फेऱ्याला जखडलेली.
सरळ चढाला उत्तम.
पण उतरणीच्या वळणावर, जिथे ऊन दुपारीसुद्धा येत नाही,
तिथे दोन्ही एकदम सुटतात
आणि गाडी वळायचं विसरते.
दरी काही विसरत नाही.

मधला एक प्रकार आहे, पट्ट्यांवर पट्ट्या दाबलेला,
थोडं सोडणारा, थोडं धरणारा.
माल दुबईहून येईल. गुरुवारी.

शेळ्या गुरुवारपर्यंत उपाशी राहत नाहीत.
म्हणून झाकण बंद केलं, नवं तेल भरलं,
आणि चाऱ्याच्या गठ्ठ्यांना टेकून
मीही निघालो वर, अंगात दोन स्वेटर.

डांबर संपलं. खडी लागली.
तिसऱ्या वळणाच्या सावलीत डावीकडचा चर गोठलेला.
डावी चाकं त्यात, पुढचं आणि मागचं,
पंख्यासारखी फिरत.
उजवी दोन्ही कोरड्या खडीवर, शांत, पाहुण्यासारखी.
फोर-व्हील म्हणे. आम्ही टू-व्हीलवर होतो,
आणि त्याही दोन चुकीच्या.

हमूद अ‍ॅक्सिलरेटर दाबत होता. बर्फ तापून आरशासारखा झाला.
मी काचेवर हात मारला. थांब.
हँडब्रेकची मूठ ओढ. थोडीच. दोन खटके.
आता हळू पाय दे.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी शेळीला उपास धरायला सांगितलाय.
पण ओढली.
खट. खट.

ब्रेक दोन्ही चाकांना लागला, बोचला मात्र फिरणाऱ्याला.
त्याला थोडा भार वाटला,
आणि तेवढाच भार उलटून
उजवीकडच्या त्या शांत चाकापर्यंत पोचला.
ते खडीत रुतलं, कुरकुरलं,
आणि गाडी वीतभर पुढे. मग हातभर.
मग हमूद हसला, त्याचा वरचा दात सोन्याचा आहे हे मला तेव्हा कळलं.

परतताना मोबाइलला रेंज आली
आणि लतीफचा निरोप आला.
लतीफ, धाकटा. आधी कोळंबीचं तळं, मग टेम्पो,
आता फरशीचं दुकान, तेही घसरणीला.
अकरा वर्षं माझा पगार त्याच्याच बाजूला फिरतोय गरागरा.
बहीण सायरा, खडीवरची,
शिवणयंत्र चालवते, काही मागत नाही,
म्हणून तिच्या वाट्याला काही जात नाही.
आम्ही समजूतदार माणसं.

या महिन्याला एक्स्चेंजच्या खिडकीशी
लतीफचा आकडा लिहिताना
दोन खटके ओढले.
उरलेलं सायराच्या नावावर.

लतीफ फोन उचलत नाही.
सायरा विचारते, चुकून आले का?
गाडी हलली की नाही, ते अजून कळलेलं नाही.
सनैय्यात थंडी आहे. गुरुवारी माल येईल.